गल्फच्या नोकरीसाठी पैसे घेतले, परत मागितले तर म्हणे ‘दिवाणी वाद’. गुन्हा होतो की नाही?

पूर्वभाग_रवी

नमस्कार मंडळी. मी इथं बहुतेक वेळा वाचायलाच असतो, पण आजचा प्रश्न घरचा आहे.

माझ्या मावसभावाचा मुलगा, वय 22, आयटीआय फिटर. वडील यंत्रमागावर कामाला. आमच्या भागात एक माणूस ‘गल्फला पोरं पाठवणारा’ म्हणून ओळखला जातो. बोर्ड नाही, ऑफिस नाही. बुलेटवर येतो, कट्ट्यावर बसतो आणि मोबाईलमध्ये व्हिसाचे फोटो दाखवतो. त्यानं दुबईत एसी मेंटेनन्सच्या कंपनीत नोकरी, 1800 दिरहम पगार, राहणं कंपनीचं, असं सांगून 1 लाख 60 हजार घेतले. 40 हजार रोख, बाकीचे गुगल पेवर थोडे थोडे. घरचं सोनं पतसंस्थेत ठेवून पैसे उभे केले होते.

पोरगं गेलं व्हिजिट व्हिसावर. सांगितलं होतं, ‘तिथं उतरल्यावर कामाचा व्हिसा लागतो, सगळ्यांचं असंच असतं.’ दुबईच्या देइरा भागात एका खोलीत बेडस्पेसवर, म्हणजे नुसत्या एका कॉटच्या जागेवर ठेवलं. कंपनीचा माणूस आज येतो, उद्या येतो. मग फोन लागेना. व्हिसा संपला, वर दिवसाला 50 दिरहम दंड चढायला लागला. शेवटी घरच्यांनी कर्ज काढून दंड भरला आणि तिकीट पाठवलं.

आता हा माणूस म्हणतो, मी फक्त ओळख करून दिली, 1 लाख 20 हजार मुंबईच्या ‘सरां’ना दिले, त्यांना विचारा. 50 हजारांचा एक चेक दिलाय आणि वर बजावलंय की पोलिसांत गेलात तर उरलेले विसरा. पोलीस ठाण्यात गेलो तर साहेब म्हणाले, हा देण्याघेण्याचा वाद आहे, दिवाणी कोर्टात जा.

हा गुन्हा होतो का? आणि मुंबईचा ‘सर’ सापडला नाही, तर गल्लीतला हा मोकळा सुटतो का?

गड्डा_यात्रेकरू

रवीभाऊ, लै वाईट वाटलं वाचून. पोरगं सुखरूप आलं हे आधी. आमच्या शेजारच्याचं पोरगं असंच जाऊन वर्षभर अडकलं होतं. ह्या माणसाचं नाव मला पर्सनल मेसेज करा, आमच्या विडी घरकुल वसाहतीतपण एक जण असंच मोबाईलमध्ये फोटो दाखवत फिरतोय.

कडक_भाकरी

मी वेगळं सांगतो, राग मानू नका. 50 हजारांचा चेक हातात आहे ना? तो वटवा, उरलेल्यासाठी गोड बोलून मागे लागा. केस टाकली की तो वकील लावणार, तारखा पडणार, पोरगं प्रत्येक तारखेला कामावर खाडे करणार. सोलापुरात आपण सगळे एकमेकांच्या लग्नाला जाणारे लोक. गोडीगुलाबीनं जे मिळतं ते कोर्टात मिळत नाही.

खाडीपार

बरीच वर्षं मस्कत आणि दुबईत काढलीत, म्हणून आधी खरी पद्धत सांगतो. मग चोरी कुठं झाली ते दिसेल.

तिकडच्या कंपनीला माणसं हवी असतील तर ती भारतातल्या नोंदणीकृत भरती एजंटाला डिमांड लेटर (किती माणसं हवीत याचं पत्र) आणि पॉवर ऑफ अॅटर्नी देते. हे सगळं सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर चढतं. पगार, कामाचे तास, राहण्याची सोय करारात लिहिलेली असते. दहावी न झालेल्या माणसाचा पासपोर्ट ईसीआर, म्हणजे परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागणारा असतो. त्याला यूएई, सौदी, कुवेत, कतार, ओमान, बहारीन, मलेशिया वगैरे देशांत कामाला जायचं तर प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. त्या मंजुरीसाठी प्रवासी भारतीय विमा योजनेचा 10 लाखांचा विमा काढावा लागतो. आखाती देशांच्या कामाच्या व्हिसासाठी मेडिकल ठरवून दिलेल्या केंद्रांतच होतं, पूर्वी त्याला गामका म्हणायचे, आता वाफिद म्हणतात. गल्लीतल्या लॅबमध्ये रक्त देऊन गल्फचं मेडिकल होत नाही.

आणि पैशाचं ऐका. नोंदणीकृत एजंटालासुद्धा उमेदवाराकडून जास्तीत जास्त 30 हजार रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 35,400 घेता येतात, तेही पावती देऊन. 1 लाख 60 हजार कुठून आले? परवाना असता तरी तो आकडा बेकायदाच होता.

व्हिजिट व्हिसा हा काम करण्यासाठी नसतोच. पोरगं दहावी, आयटीआय झालेलं, म्हणजे पासपोर्ट ईसीआर नसणार, विमानतळावर मंजुरीचं कुणी विचारणार नाही. हे लोक नेमकं तेच हेरतात. व्हिसावर मोठ्या अक्षरांत ‘टुरिस्ट’ किंवा ‘व्हिजिट’ लिहिलेलं असतं, पण मोबाईलवर फोटो दाखवताना ती ओळ कापलेली असते. रवीभाऊ, त्यानं पाठवलेला पहिला फोटो आणि विमानतळावर हातात दिलेला कागद शेजारी ठेवून बघा.

बार्शीचा_वकील

कोर्टातून आत्ताच आलो. जेवढं ठाम सांगता येतं तेवढं सांगतो.

परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करण्याच्या धंद्याला 1983 च्या एमिग्रेशन अॅक्टच्या कलम 10 प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्र लागतं. ते नसताना हा धंदा करणं, ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त पैसे घेणं आणि परदेशी जाणाऱ्याची फसवणूक करणं, हे तिन्ही कलम 24 खाली गुन्हे आहेत. शिक्षा 2 वर्षांपर्यंत कैद आणि 2 हजारांपर्यंत दंड. कोर्टानं खास कारण नोंदवलं नाही तर 6 महिन्यांपेक्षा कमी कैद देता येत नाही. 2 हजार दंड आज हास्यास्पद आहे हे मान्य, कायदा 1983 चा आहे. 2021 मध्ये केंद्रानं नव्या कायद्याचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी ठेवला होता.

खरा दणका फसवणुकीच्या कलमाचा. भारतीय न्याय संहितेचं कलम 318(4), जुन्या दंड संहितेचं 420. 7 वर्षांपर्यंत कैद. 1 जुलै 2024 आधी घडलं असेल तर 420 लागेल, नंतरचं असेल तर 318(4).

आता ‘दिवाणी वाद’. नुसता शब्द मोडला म्हणजे फसवणूक होत नाही, सुरुवातीपासून फसवायचा इरादा दिसावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयानं वेळोवेळी सांगितलंय आणि ते बरोबर आहे. पण इरादा कशावरून दिसतो? परवाना नाही. कामाचा व्हिसा सांगून व्हिजिट व्हिसा काढला. कंपनीचा पत्ता नाही. तीच गोष्ट आणखी पोरांना सांगितली. हे सगळं पैसे घेतानाच खोटं होतं. ज्यानं खरंच नोकरी लावायचा प्रयत्न केला आणि कंपनीनं नाकारलं, त्याच्यात आणि ह्याच्यात हा फरक आहे. तक्रार अर्जात ‘पैसे परत दिले नाहीत’ हे वाक्य पहिलं लिहिलं तर पोलीस दिवाणीच म्हणणार. पहिलं वाक्य हवं, ‘परवाना नसताना खोटं सांगून पैसे घेतले.’

कडक_भाकरी

वकीलसाहेब, कायदा बरोबर असेल. पण मधला माणूस म्हणतो मी ओळख करून दिली. ओळख करून देणं गुन्हा असेल तर निम्मं सोलापूर आत जाईल. पुण्याला कुणाची नोकरी लागली तरी आपण म्हणतो, माझ्या मेव्हण्याला फोन कर.

बार्शीचा_वकील

@कडक_भाकरी, प्रश्न रास्त आहे. मेव्हण्याचा नंबर देणारा धंदा करत नाही. कायद्यात भरतीची व्याख्या रुंद आहे: जाहिरात देणं, परदेशातल्या नोकरीसाठी एखाद्याशी पत्रव्यवहार करणं, बोलणी करणं, करार ठरवणं, हे सगळं त्यात येतं. रवींच्या गल्लीतल्या माणसानं पगार सांगितला, रक्कम ठरवली, स्वतःच्या खात्यावर पैसे घेतले, त्यातले 40 हजार ठेवून घेतले. ती ओळख नव्हे, ती बोलणी आणि वसुली. शिवाय नोंदणीकृत एजंटालासुद्धा सब-एजंट ठेवायची परवानगी नाही. त्यामुळे ‘मी अमुक एजन्सीचा सब-एजंट आहे’ हा बचाव उलटा अंगावर येतो.

मुंबईवाला सापडो न सापडो, ह्याच्यावर स्वतंत्र गुन्हा होतो. दोघांनी संगनमतानं केलं असेल तर कट, कलम 61, आणि समान इरादा, कलम 3(5).

मात्र एक गोष्ट खरीच असू शकते: त्यालाही मुंबईवाल्यानं फसवलं असेल. त्यानं घेतलेले पैसे खरंच पुढं दिले, स्वतःचा पुतण्याही त्याच वाटेनं पाठवला, असं निघालं तर फसवणुकीचा इरादा सिद्ध करणं अवघड जाईल. बिनपरवाना भरतीचा गुन्हा तरीही उरतोच, कारण परवाना नाही हे त्याला माहीत होतं.

मीनाक्षी_जुळेसोलापूर

ह्या धाग्यावर बायकांचं पण यावं म्हणून लिहिते. विडी कामगार बायकांना ‘मस्कतला घरकामाला चला, 25 हजार पगार’ असं सांगणाऱ्या बायका फिरतात. त्या स्वतः कधीकाळी जाऊन आलेल्या असतात, म्हणून विश्वास बसतो. ईसीआर पासपोर्टवर 30 वर्षांखालच्या बाईला ह्या देशांत घरकामासाठी जायची परवानगीच नाही, आणि त्याहून मोठ्या बाईची भरतीसुद्धा सरकारनं नेमलेल्या संस्थांमार्फतच व्हायला हवी. म्हणजे कुणी खासगी माणूस घरी येऊन हे काम सांगतोय तर तिथंच थांबायचं.

माझ्या ओळखीतल्या एकीचा पासपोर्ट तिकडच्या मालकानं काढून घेतला होता. नवऱ्यानं परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार टाकली, दूतावासाकडून फोन आला, ती परत आली. पैसे नाही मिळाले. पण इथं पाठवणाऱ्या बाईविरुद्ध तिनं तक्रार दिलीच नाही. म्हणाली, तीपण माझ्यासारखीच गरीब आहे. मला हे अजून पचत नाही, कारण त्याच बाईनं पुढं आणखी दोघींना पाठवलं.

निवृत्त_फौजदार

मी नोकरीत असताना असे अर्ज हाताळलेत, म्हणून पोलिसांच्या बाजूनं आणि विरुद्ध दोन्ही बोलतो.

ठाण्यात रोज पैशाचे वाद येतात. उसने दिले, भिशी बुडाली, प्लॉटचा विसार अडकला. ड्युटीवरचा माणूस ऐकताना पहिला विचार हाच करतो की वसुलीसाठी पोलिसांना वापरताहेत का. त्यामुळे अर्जदारानं कागद नीट नेले पाहिजेत. पण म्हणून हाकलून देणं बरोबर नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली तर नोंद करावी लागते, सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या ललिता कुमारी निकालानं ते पक्कं केलंय.

रवी, आता काय करायचं ते सांगतो. अर्ज दोन प्रतींत, एकीवर पोहोच घ्या. ठाण्यानं नोंदवलं नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 173(4) प्रमाणे अर्जाचा मजकूर वरिष्ठांना पोस्टानं पाठवता येतो. शहरात पोलीस आयुक्तालय, तालुक्यात असाल तर ग्रामीण पोलीस अधीक्षक. तरीही हाललं नाही तर प्रतिज्ञापत्र जोडून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, ते कलम 175(3) खाली तपासाचा आदेश देऊ शकतात. ‘मुंबईच्या एजंटाचं आहे, मुंबईला जा’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. फोन आणि मेसेज सोलापुरात आले, पैसे सोलापुरातून गेले, गुन्हा इथं चालतो.

कागदांमध्ये व्हॉट्सअॅप चॅट महत्त्वाचं. स्क्रीनशॉट काढा पण मूळ फोन विकू नका, रीसेट करू नका. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं आणि मूळ फोन असला तर ते काम सोपं होतं. गुगल पेची नोंद बँकेच्या शिक्क्याच्या स्टेटमेंटवर घ्या. 40 हजार रोख दिले तेव्हा कोण हजर होतं? त्यांचे जबाब लागतील. पतसंस्थेची सोनेतारणाची पावती जोडा. ज्या दिवशी सोनं ठेवलं त्याच्या आसपास रोख दिली हे तिच्यावरून दिसतं.

आणि गुन्हा दाखल झाला की दुसऱ्या दिवशी बेड्या पडतील ही अपेक्षा ठेवू नका. 7 वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात बहुतेक वेळा आधी कलम 35(3) ची, म्हणजे अटक न करता हजर राहायला सांगणारी नोटीस जाते. लोक इथंच नाराज होतात आणि म्हणतात पोलीस फितले.

हुरडा_पार्टी

फौजदारसाहेब, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून चौकातल्या कट्ट्यावर चिकटवतो. खरंच सांगतोय, तिथंच रोज ही बोलणी चालतात.

पूर्वभाग_रवी

सगळ्यांचे मनापासून आभार. @खाडीपार, तुम्ही म्हणालात तसं दोन्ही फोटो शेजारी ठेवले. मोबाईलवर पाठवलेल्यात वरचा भाग नाही. विमानतळावर दिलेल्या कागदावर स्पष्ट लिहिलंय.

अजून एक गोष्ट सापडली. ऑफर लेटरवर अंधेरीच्या एका एजन्सीचा शिक्का आणि नोंदणी क्रमांक आहे. ई-मायग्रेटवर शोधलं तर ती एजन्सी खरंच नोंदणीकृत निघाली, मी हरखलोच. पण पोर्टलवरच्या नंबरवर फोन केला तर ते म्हणाले हे पत्र आमचं नाही, अशी कंपनी आमच्याकडे नाही, आणि तुम्ही विचारणारे पहिले नाहीत. पत्रावरचा मोबाईल नंबर आणि पोर्टलवरचा नंबर वेगळा आहे.

कुंभारीतली आणखी दोन मुलं भेटली. एकाला अजून पाठवलेलं नाही, त्याचा पासपोर्ट ह्या माणसाकडे आहे, ‘पैसे पूर्ण दे मग देतो’ म्हणतोय. त्या मुलाला वर सांगितलंय की तुझी दहावी नाही, आपण बोर्डाचं सर्टिफिकेट करून घेऊ. 15 हजार.

बार्शीचा_वकील

रवी, ह्या एका प्रतिसादानं केस बदलली.

खोटा शिक्का आणि खोटं पत्र म्हणजे बनावट दस्तऐवज. फसवणुकीसाठी बनावट करणं कलम 336(3), तो खरा म्हणून वापरणं कलम 340(2). आता ‘मला माहीत नव्हतं’ म्हणणं कठीण. त्या एजन्सीलाही लेखी तक्रार द्यायला सांगा, त्यांच्या नावाचा गैरवापर झालाय.

दहावीच्या खोट्या सर्टिफिकेटचं त्या मुलाला आजच, फोन करून, थांबवा. ते घेऊन त्यानं पासपोर्टला अर्ज केला तर आरोपींच्या यादीत तोही असेल. फसलेला माणूस आरोपी होतो तो असाच.

पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, कायद्यातच तसं लिहिलंय. एजंटाला तो तारण ठेवायचा अधिकार नाही. तक्रारीत वेगळा परिच्छेद करा.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. एमिग्रेशन अॅक्टखाली खटल्याला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते आणि तिथं प्रकरणं रेंगाळतात. पण तक्रार स्वतः जाणाऱ्यानं, किंवा त्याच्या वतीनं आई, वडील, नवरा, बायको, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण यांनी केली तर ती परवानगी लागत नाही. तुम्ही वडिलांचे मावसभाऊ, त्या यादीत बसत नाही. फिर्यादी तो मुलगा किंवा त्याचे वडील असू द्यात. तुम्ही साक्षीदार व्हा.

चेकबद्दल. तारखेपासून 3 महिन्यांत भरा. वटला नाही तर बँकेचा मेमो (चेक परत आल्याची चिठ्ठी) मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, ती मिळाल्यावर त्याला 15 दिवस, तरीही दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात चेक न वटल्याबद्दल कलम 138 ची तक्रार. चेक घेतल्यानं फसवणुकीची तक्रार करायचा हक्क जात नाही. ‘उरलेले विसरा’ ही धमकी मेसेजवर असेल तर तीही जपून ठेवा.

माचणूरचा_घाट

थोडं अवांतर. माझ्या मित्राच्या भावाला ‘थायलंडला डेटा एन्ट्री’ म्हणून नेलं. बँकॉकला उतरवून गाडीनं माए सोतला, तिथून नदीपलीकडं म्यानमारमधल्या म्यावाडीत. तिथं गल्ल्याच्या गल्ल्या कुंपणाच्या आत, दारावर बंदूकवाले, आणि काम काय तर मुलीच्या नावानं खातं काढून लोकांशी गोड बोलायचं आणि गुंतवणुकीत पैसे ओढायचे. टार्गेट झालं नाही तर मार आणि विजेचे झटके. तो मार्च 2025 मध्ये हवाई दलाच्या विमानांनी 549 भारतीयांना परत आणलं त्यांच्यात होता. अजून रात्री झोपेत दचकतो.

आल्यावर त्याला कितीतरी वेळ विचारपूस. तू कुणाला फसवलंस, किती पैसे, तुझ्या नावावर खातं होतं का. आईला वाटत होतं आता पोराला पण आत घालतील.

निवृत्त_फौजदार

@माचणूरचा_घाट, त्याला पाठवणाऱ्यावर नुसती फसवणूक पुरेशी नाही, न्याय संहितेचं मानवी तस्करीचं कलम 143 बघावं लागतं. फसवून नेऊन गुलामासारखं राबवलं तर शिक्षा 7 ते 10 वर्षं, एकापेक्षा जास्त माणसं असतील तर 10 वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. जाणारा स्वतःच्या मर्जीनं विमानात बसला हा बचाव तिथं चालत नाही, संमती गैरलागू आहे असं कलमातच आहे. रशियाच्या युद्धात नोकरीच्या नावानं पोरं पाठवली, त्यात सीबीआयनं मार्च 2024 मध्ये तस्करीचाच गुन्हा नोंदवला होता.

मुलाला म्हणावं, परत आल्याबरोबर पाठवणाऱ्याविरुद्ध फिर्याद दे. जो आधी स्वतः येऊन सगळं सांगतो त्याच्याकडे तपासी अधिकारी पीडित म्हणून बघतो. आणि तिथून कुणी कमिशनसाठी आपल्या गावची पोरं बोलावली असतील तर मात्र ते लपवू नये, मोबाईलमधून ते निघतंच.

रवीच्या प्रकरणात 143 लागणार नाही, तिथं काम करूनच घेतलं नाही. उगाच मोठं कलम लावा म्हणून भांडू नका, केस कमजोर होते.

माचणूरचा_घाट

साहेब, सांगतो त्याला. तस्करीच्या पीडितांना फुकट वकील मिळतो म्हणे, खरं का?

बार्शीचा_वकील

खरं आहे. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, साधा अर्ज द्यायचा. तस्करीचे पीडित, महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो.

पूर्वभाग_रवी

काल रात्री त्या माणसाची बायको घरी आली होती. लहान पोरगी कडेवर. म्हणाली, पैसे त्यानं खरंच पुढं दिले, आमच्याच घराचे हप्ते थकलेत, केस झाली तर आम्ही रस्त्यावर. माझ्या मावसभावाच्या बायकोनं तिला चहा दिला, दोघी रडल्या. आता घरात दोन तट पडलेत. भाऊ म्हणतो राहू दे. मुलगा म्हणतो मी जबाब देणारच, कुंभारीची ती दोन पोरं कुणाच्या जिवावर लढणार?

कडक_भाकरी

रवीभाऊ, मी पहिल्या दिवशी मिटवा म्हणालो होतो. तेव्हा एकच मुलगा होता आणि खोटा शिक्का आपल्याला दिसला नव्हता. आता माझं मत मुलाच्या बाजूनं. त्या बाईचं वाईट वाटतं, तिला किराणा भरून द्या, पण पासपोर्ट अडकलेल्या पोराचं काय? फक्त पैसे मिळायची वाट पूर्ण बंद करू नका एवढंच सांगतो.

बार्शीचा_वकील

बंद होत नाही. फसवणुकीचा गुन्हा कोर्टाच्या परवानगीनं तडजोडीनं मिटू शकतो, म्हणजे तो पैसे घेऊन आला तर बोलणी नंतरही होतात, आणि लेखी होतात. बनावट कागदांचा आणि परवान्याचा गुन्हा मात्र तुमच्या हातात राहत नाही. तसंच गुन्ह्यातून मिळालेली मालमत्ता जप्त करून पीडितांना वाटायची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 107 मध्ये आहे. बुलेट कुणाच्या नावावर आहे ते तपासी अधिकाऱ्यांना जरूर सांगा. जामिनाच्या वेळी कोर्ट पैसे भरायला लावेल यावर मात्र विसंबू नका. जामीन हे वसुलीचं साधन नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये बजावलंय.

मीनाक्षी_जुळेसोलापूर

रवीदादा, त्या बाईलाही सांगा की नवऱ्यानं स्वतःहून जाऊन मुंबईवाल्याचं नाव, नंबर, खातं सगळं दिलं तर त्याचंच भलं आहे. ती रडत आली म्हणजे घरात तिला कुणी विचारत नाही, पण तिचं ऐकेल तो कदाचित. मी येऊ का बोलायला? विडी घरकुलात माझं जाणं-येणं आहे.

पूर्वभाग_रवी

ताई, याच. उद्या संध्याकाळी.

पूर्वभाग_रवी

कळवतो. गुन्हा नोंद झाला. फिर्यादी मुलगाच, कुंभारीची दोन्ही पोरं साक्षीदार. फसवणूक, बनावट कागद आणि एमिग्रेशन अॅक्ट, तिन्ही लागलं. अर्जाचं पहिलं वाक्य वकीलसाहेबांनी सांगितलं तेच ठेवलं होतं. मीनाक्षीताईंनी त्या बाईशी बोलून दुसऱ्या पोराचा पासपोर्ट मिळवून दिला, ती स्वतः घेऊन आली. नवरा अजून मुंबईवाल्याचं नाव सांगायला तयार नाही. चेक वटला नाही, मेमो घेतलाय, नोटीस ह्याच आठवड्यात जाईल.

गड्डा_यात्रेकरू

झकास बे! पोराला म्हणावं, आता शेंगाची चटणी आणि कडक भाकरी खायला आमच्याकडं ये. (आपल्या मेंबरला खायला नाही, खरी भाकरी.)

कडक_भाकरी

मी पण येतो.

मंगळवेढ्याची_ज्वारी

धागा सगळा वाचला. माझ्या धाकट्या भावाला रोमानियाला वेल्डर म्हणून नेतो असं एक जण सांगतोय, 4 लाख. म्हणतो युरोपला ईसीआर लागत नाही, म्हणून एजंटाला परवाना पण लागत नाही. हे खरं आहे का? उद्या 50 हजार द्यायचे ठरलेत.

बार्शीचा_वकील

अजिबात नाही. ईसीआर देशांची यादी ही जाणाऱ्याच्या मंजुरीसाठी आहे. भरतीची व्याख्या भारताबाहेरच्या कोणत्याही देशातल्या नोकरीची आहे. रोमानिया असो की कुवेत, बिनपरवाना भरतीला कलम 10 आडवं येतं. उद्या पैसे देऊ नका. त्याच्याकडून नोंदणी क्रमांक लेखी घ्या, ई-मायग्रेटवर शोधा, आणि पोर्टलवर जो नंबर आहे त्यावर फोन करा, त्यानं दिलेल्या नंबरवर नाही.

खाडीपार

आणि विचारा, वर्क परमिट आधी आलंय का? रोमानियात कंपनी तिथल्या इमिग्रेशन खात्याकडून आधी वर्क परमिट काढते, मग माणूस व्हिसाला अर्ज करतो. परमिटची प्रत मागा. ‘पैसे दिल्यावर काढतो’ म्हणाला तर फोन ठेवा. शंका वाटली तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल फ्री नंबर आहे, 1800 11 3090.

मंगळवेढ्याची_ज्वारी

विचारलं. म्हणतो क्रमांक मुंबईच्या ऑफिसात आहे, उद्या पैसे दिल्यावर फोटो पाठवतो. वडिलांना हा धागा वाचून दाखवतेय आत्ता.